सुधादादाची आगगाडी

सुधादादा गेला तेव्हा त्याची प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची आगगाडी अर्धीच राहिली होती. मोटर त्यानं बसवली होती, उरलेले डबे मी जोडले. सेल मात्र नव्हते. सुतकात रेडिओ बंदच होता, म्हणून त्यातलेच काढले.

आई म्हणाली, "आता कायले करून राह्यला रे हे?"

"दादाची गाडी चालवाचीच हाये मले."

गाडी सुटली ती थेट बाबांच्या पायावर धडकली. बाबा सवयीनं ओरडले, "सुध्या, माह्या रेडिओचे सेल ठेव पयले!"

दादा दर वेळी द्यायचा तेच उत्तर मी दिलं, "एक चक्कर होऊ द्या, बाबा."

बाबांनी पाय उचलून गाडीला वाट दिली.