लांब नळीचं पिस्तूल

दादाच्या पिस्तुलाचं तुम्हाला कधी सांगितलं नाही ना? दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, फौजेतून सुभेदार होऊन आलेला, गावात तापट म्हणून माहीत. तो गेला आणि घरात परवान्याचं पिस्तूल राहिलं. पोलीस म्हणाले, परवाना माणसाबरोबर संपला, लगेच दुकानात जमा करा. वहिनी म्हणाल्या, "खंडेनवमीची पूजा झाल्याबिगर न्हाई." तोवर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

दसरा होताच वहिनींना घेऊन कराडहून सांगलीला शस्त्रांच्या दुकानात गेलो. पिस्तुलाची पिशवी त्यांनी हातची सोडली नाही. दुकानदाराला सुभेदारांचं पिस्तूल म्हणून नुसती उघडून दाखवली.

"लांब नळीचं व्हय? ठेवून घेतो, पण खपायचं न्हाई. हेच पिस्तूल आखूड नळीत येतं, कमरेला बसतं. लोक तेच मागतात. लांब नळी नेमबाजीला. सुभेदारसाहेब नेमबाजी करायचे?"

"घरी आल्यापास्नं एक गोळी झाडली न्हाई," वहिनी म्हणाल्या.

"मग लांब कशाला घेतलं?"

"वहिनी, पिशवी द्या त्यांना," मी म्हणालो.

"थांबा भावजी." त्या दुकानदाराकडे वळल्या. "बांधावरनं भाऊबंदांशी कायम भांडण. हे म्हणायचे, आखूड असलं तर लगेच हातात येतंय. ही नळी कमरंतनं काढूस्तोवर माझा राग उतरतो."

दुकानदारानं पावतीबुक पुढं ओढलं.

वहिनींनी पिशवी त्याच्यापुढं सरकवली. "आवं, विकायचंच झालं तर असल्याच एखाद्या तापट माणसाला विका."