ताटावरचं नाव

लहरीपुऱ्यातल्या भांड्यांच्या दुकानात माझ्यापुढे एक म्हातारी बाई आणि तिचा मुलगा उभे होते.

"आई, वृद्धाश्रमात ताट-वाटी आपापली न्यावी लागते."

"मग घरातलंच माझं ताट दे की बांधून."

"नवीन घेऊ गं. एवढं तरी घेऊ दे मला."

"बा, नाम शुं लखुं?" गुजराती दुकानदाराने म्हातारीला विचारत नाव कोरायचं मशीन हातात घेतलं.

"दत्तात्रेय गुप्ते लिहा," मुलगा म्हणाला. "आमच्या सगळ्या भांड्यांवर बाबांचंच नाव असतं."

"नको. भाई, अहल्या लिहा."

"एटलुंज, बा?"

"हो, तेवढंच."

"आई, असं का?"

"जन्मभर ह्यांच्या नावाची भांडी घासली. आता माझं नाव दुसरं कुणीतरी घासू दे."