मोकळ्या जागेतला चहा

सकाळचे साडेअकरा, अकोला जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेचं सभागृह, नव्या शहर आराखड्यावरच्या हरकतींची सुनावणी. मी बातमीसाठी गेलो होतो. शेजारी शांताबाई. त्यांच्या घरावर भाजीबाजाराचं आरक्षण पडलं होतं. मुदतीत लेखी हरकत देऊन त्यांनी पोच घेतली होती.

"भाऊ, मले बोलता नाही आलं त घर जाईन काय?" हे त्यांनी मला तीनदा विचारलं.

नाव पुकारलं गेलं. अधिकारी पाहणी अहवाल बघत म्हणाले, "इथे तर मोकळी जागा लिहिली आहे."

शांताबाईंनी ती पाहणी करणाऱ्या, समोरच बसलेल्या सर्वेअरकडे बोट दाखवलं. "जागा मोकळी हाय, त यायनं माह्या सैपाकखोलीत बसून च्या कसा पेला? साखर कमी टाका म्हने."

सर्वेअर नकाशात डोकं घालून बसला.

"बाई, विषयाला धरून बोला," अधिकारी म्हणाले.

मी उठलो. "चहा विषयातलाच आहे. इतिवृत्तात घ्या."

"तुम्ही हरकतदार नाही. खाली बसा."

इतिवृत्ताची प्रत मी नंतर मागून घेतली. त्यात चहा नाही, 'म्हणणे ऐकले' एवढंच आहे. अंतिम नकाशा यायचा आहे, शांताबाई रोज फोन करतात. ज्या घरात सर्वेअर चहा प्यायला, ते त्याच्याच सहीच्या अहवालात मोकळी जागा कसं झालं, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.