चामडं आखडलंय, दुसरं काय

...आणि वर मलाच विचारते, "काका, तुमच्या लक्षात कसं नाही आलं?" तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं बुटांच्या दुकानात लोकांच्या पायांशी बसलोय मी, गिऱ्हाईक दारातून आत आलं की पट्टी न काढता सांगतो, सात नंबर, डावा जरा मोठा... आणि ही डॉक्टरीण, माझ्या मुलीच्या वयाची, मला पायांबद्दल विचारते!

झालं असं, की गेल्या वर्षी माझेच बूट चावायला लागले. म्हटलं, चामडं आखडलंय, दुसरं काय. लाकडी साचा घालून दोन दिवस ताणले. महिन्याभरात परत घट्ट. परत साचा. तीनदा! मालक गल्ल्यावरून म्हणाले, "अरे, नवीन घे की." म्हटलं, "बूट चांगलाय हो, चामडं आखडलंय."

मग गिऱ्हाइकाची नाडी बांधायला वाकलो की दम लागायला लागला. म्हटलं, पोट सुटलंय. पट्टाही आवळत होता ना... आणि जेवण मात्र अर्ध्यावर आलेलं. खायचं कमी आणि पोट वाढतंय, यात काहीतरी चुकतंय असं तुम्हाला वाटलं असतं की नाही? मला नाही वाटलं. म्हटलं, पट्टापण चामड्याचाच आहे.

आवाज बसला, तो मी पंख्यावर ढकलला. माळ्यावरून खोकी काढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, ती शिडीवर.

शेवटी आमची ही एकदा म्हणाली, "तुम्ही शिट्टी वाजवायचं कधी सोडलंत हो?" तीन मजले शिट्टी वाजवत चढायचो मी, ती ऐकून ही दार उघडायची. "आता बेल वाजते, आणि तुम्ही भिंतीला टेकलेले." यावर चामड्याचं काही सांगता येईना.

गेलो हिला घेऊन दवाखान्यात. नर्सने दंडाला पट्टा बांधला. एकशेवीस-ऐंशी. मी हिच्याकडे असं बघितलं... तर डॉक्टरीण म्हणते, "हे दंडातलं झालं काका. फुफ्फुसातलं प्रेशर या पट्ट्याला कळत नाही." आणि खाली वाकून तिने माझा मोजा उतरवला, घोट्याच्या वर अंगठा दाबला. अहो, अंगठा दाबून बघणं हे तर माझं काम! बुटाच्या टोकावर रोज शंभरदा दाबतो तो. तिने उचलला, खड्डा तसाच.

मग हृदयाची सोनोग्राफी, आणखी दोन तपासण्या. "फुफ्फुसातलं प्रेशर वाढलंय. हृदयाची उजवी बाजू ताणली गेलीय. आणखी सहा महिने थांबला असतात तर..." घाबरलो मी, खोटं कशाला सांगू.

आता गोळ्या चालू आहेत. सूज उतरली, आणि तीनदा ताणलेले बूट पायातून निघायला लागले. परवा डॉक्टरणीला विचारलं, "ते ताणलेलं हृदय परत पहिल्यासारखं होईल?" म्हणाली, "बघू."

घरी ही खाली बसून माझ्या बुटांच्या टोकात कापूस कोंबत होती. मान वर न करता म्हणाली, "आखडेल ना हो?"

एकतीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय, साहेब, चामडं सैल होतं, परत आखडत नाही. पण हिला म्हटलं, आखडेल की. चामडंच आहे, दुसरं काय.