आदर्श वायू बर्फ करील काय?

आपल्या संस्थेचे सन्माननीय अध्यक्ष हितेशशेठ, व्यासपीठावरील मान्यवर, प्राचार्या किशोरी मॅडम, सहकारी, पालक आणि मागच्या बाकांवरून समोशांच्या टोपाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

आत्ताच्या भाषणांतून मला कळलं की आज निवृत्त होणारा हा रामचंद्र पाटील इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवताना कधी रागावला नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अहो, असा असतो तो आदर्श वायू! त्याचे कण जागा अडवत नाहीत, एकमेकांची त्यांना ओढ नाही, कितीही दाबा, पातळ होऊन द्रव बनत नाही. पुस्तकात भेटतो. मुरुडात अजून कुणी पाहिलेला नाही.

अध्यक्षांनी बोलता बोलता एक गोड बातमीही दिली. उद्यापासून प्रयोगशाळा बंद, तिथे मोठा पडदा येणार. प्रयोग पडद्यावर होणार, म्हणून तासिकेवर शिकवणाऱ्या आमच्या प्रणाली बाईंची आता गरज नाही. टाळ्याही पडल्या. पडद्यावरचा वायू गुणी असतो, हे मला मान्य आहे.

ही प्रणाली माझीच विद्यार्थिनी. गेल्या वर्षी तिने पोरं बंदरावरच्या बर्फ कारखान्यात नेली. तिथे अमोनिया दाबून, गार करून पातळ करतात. कण एकमेकांना ओढतात म्हणून ते जमतं. मग तो पुन्हा वायू होताना उष्णता शोषून घेतो आणि पाण्याचा बर्फ होतो. वासाने पोरांच्या डोळ्यांना धारा लागल्या. मीही सोबत होतो, पोरांना आदर्श वायू समजावत होतो. ते ऐकून बर्फाला आलेल्या येसूबाई कोळणीने मला विचारलं, "मास्तर, तुमचा तो आदर्श वायू बर्फ करील काय?"

"नाही."

"मंग काय चाटायचाय मेल्याला?"

आता जरा घरचं बोलतो. दाब कमी आणि तापमान जास्त असलं की खरा वायूही आदर्शासारखा वागतो. परवा आमची स्टाफरूम अशीच तापली होती. बाईंसाठी सगळे एकदिलाने बोलू म्हणाले. मग संस्थेतून एक फोन आला. काय सांगू महाराजा, दाब वाढला आणि सगळे पातळ! आता बघा, कसे मन लावून कार्यक्रमपत्रिका वाचताहेत. त्यांनाही घरदार आहे, मी समजू शकतो. पण मला राग आलाय. भयंकर राग आलाय.

आपल्या कॉलेजची प्रथा आहे, निवृत्त होणाऱ्याने प्रयोगशाळेची चावी व्यासपीठावरून पुढच्या शिक्षकाच्या हाती द्यायची. यंदा पत्रिकेतून ती ओळ गळली आहे. छपाईची चूक असणार, दुसरं काय? तर ही चावी. प्रणाली, वर ये बाळ.

आणि हितेशशेठ, काढून घ्यायचीच असेल तर तिच्या हातातून, इथे, गावासमोर घ्या.

सत्काराबद्दल मनापासून आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. आणि पहिल्या रांगेतल्यांनी जरा पाय आत घ्या, बाईंना वाट द्या.