खडूची सरळ रेघ

कानाचं मशीन बघायला नाही आलो मी, ताई — ते ठेवा परत काचेखाली. आणि जरा या बाजूनं बोला, उजवीकडून, पंख्याच्या आवाजात मला — हां, आता बरं. ओळखलंत ना मला? ओळखलंत, चेहऱ्यावर दिसतंय. दोन वर्षं झाली. याच स्टुलावर बसलो होतो, तुम्ही ते कानावर चढवायचं चढवलंत, हातात बटण दिलंत, म्हणालात, काका, आवाज आला की दाबा. आणि मी दाबत राहिलो — आवाज आला म्हणून नाही, समोरच्या कपाटाच्या काचेत तुमचा हात दिसत होता, हात हलला की दाबायचो. पकडलंत तुम्ही. उठून माझं तोंड भिंतीकडे केलंत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंत. त्याचं एक कार्ड केलं होतं, पिवळं. त्या खोक्यात असेल अजून. ते कार्ड हवंय मला. हवंय म्हणजे — ते तिथं नसलेलं बरं, असं म्हणतोय मी.

सांगतो, बसा तुम्ही. तसंही गिऱ्हाईक कुठून येणार, दारात चर खणलेला, फळीवरून तोल सांभाळत यायचं — मीच येताना दोनदा थांबलो. हे खणताहेत ना बँकेपासून चौकापर्यंत, ते आमच्याच खात्याचं काम. तीन पाइप आहेत या रस्त्याखाली, एकाखाली एक. वर पिण्याच्या पाण्याचा, ओतीव लोखंडाचा, माझ्या आजोबांच्या वयाचा. त्याखाली मैल्याचा. आणि तळाला पावसाच्या पाण्याचा — तो पाइप कसला, विटांचा बोगदाच आहे, माणूस वाकून चालेल एवढा. तिन्ही एकदम बदलायचं ठरलं, कारण तिन्ही एकदम म्हातारे झाले. आणि खणायच्या आधी रस्ता ऐकायचा असतो. हसताय काय, खरंच ऐकायचा असतो. लोखंडी काठी आहे माझ्याकडे, खांद्याएवढी, वरच्या टोकाला पितळेची वाटी. पहाटे, गाड्या सुरू व्हायच्या आत, काठीचं खालचं टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं आणि वाटीला कान लावायचा. पाइप कुठे गळत असला की कळतं — शेजारच्या खोलीत कोणी गॅस चालू ठेवून विसरलंय, तसा आवाज. गळती सापडली की रस्त्यावर खडूनं गोल काढायचा. काही नसलं तर सरळ रेघ. गोल असला की खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना सलग फळ्या ठोकतात आणि मगच माणूस आत उतरतो. रेघ असली की अधूनमधून चार फळ्या, झालं, कामाला लागा. एकतीस वर्षं हेच करतोय. खात्यात मला नावानं कोणी हाक मारत नाही, कान म्हणतात. कानाला पाठवा, कानाला विचारा. साहेब सात बदलले, कान तोच.

तीन आठवड्यांपूर्वीचं तर तुम्हाला माहीतच आहे, तुमच्यापासून पाचवं दुकान, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या समोर. जो गेला तो फिटर — तो माझा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मीच त्याला खात्यात लावला होता, एकोणीस वर्षांपूर्वी, साहेबांच्या हातापाया पडून. नव्या पाइपचा जोड किती लांबीचा लागेल ते मोजायला टेप घेऊन आत उतरला आणि डावीकडची भिंत त्याच्या अंगावर आली. घड्याळवाला सांगतो, मोठा आवाजसुद्धा झाला नाही, रस्ता नुसता बसला. फावडं चालवता येईना, आत माणूस कुठं आहे कळत नव्हतं, म्हणून हातांनी माती उपसली सगळ्यांनी. मीही उपसली. आधी टेप हाताला लागली माझ्या, ताई. पिवळी, उघडलेली. तिचं दुसरं टोक त्याच्या मुठीत होतं.

कसं झालं ते आम्हाला नंतर कळलं. पाणी रस्त्यावर वर आलं तर शेंबडं पोरसुद्धा सांगेल, पाइप फुटलाय. हे वर आलंच नाही. खालच्या बोगद्याच्या विटा निखळल्या होत्या, पाणी त्या भोकातून खाली जात होतं आणि जाताना माती घेऊन जात होतं, मूठ मूठ, किती महिने कुणास ठाऊक. वर डांबर शाबूत, खाली पोकळ. असलं डोळ्याला दिसत नाही, ते फक्त ऐकूनच सापडतं. आणि तिथं माझी रेघ होती. घड्याळवाल्याच्या पायरीपासून विजेच्या खांबापर्यंत, स्वच्छ, सरळ. मी रेघ नेहमी सरळच मारतो, लोक म्हणायचे पट्टी लावून मारतो का काय.

आता चौकशी बसलीय. आणि तिथं काय ठरत आलंय — की फिटर फळ्या पुऱ्या व्हायच्या आत उतरला, स्वतःच्या हलगर्जीपणानं गेला. सगळ्यांच्या सोयीचं आहे. साहेबांच्या सोयीचं, कंत्राटदाराच्या सोयीचं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही. त्याची चूक ठरली की माझ्या मेव्हणीला त्याच्या जागी नोकरी नाही आणि खात्याची खोली महिनाभरात खाली करायची. दोन खोल्या, एक पोरगी, त्या पोरीची अजून शाळा चाललीय. तिकडे कारकुनानं मला विचारलं, तुम्ही कधी कान तपासून घेतले होते का? मी म्हणालो, कधीच नाही, गरजच पडली नाही. छातीठोकपणे म्हणालो. तर आता सोमवारी मला इस्पितळात तपासणीला पाठवताहेत. पाठवू देत. आत्ता डावा गेलेला निघाला तर म्हणता येईल, त्या दिवशीच्या धक्क्यानं गेला, माती उपसताना गेला, वयानं गेला. पण शहरात कान तपासणारी दुकानं दोन, आणि कारकून भारी चिकट आहे, दोन्हीकडे येणार. आणि तुमच्या कार्डावर तारीख आहे. म्हणून म्हणतो, तुम्हाला काही करायचंच नाहीये. तुम्ही खोकं इकडे सरकवा आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवा. बाकी मी बघतो.

काय? — नाही, ऐकलं मी. पुन्हा विचारू नका, ऐकलं. खात्यात सांगितलं होतं का, असंच ना? तुम्ही बजावलं होतंत, काका, डावा पुरा गेलाय, उजवाही मंद होत चाललाय, ऑफिसात सांगा, दुसरं काम देतील. सांगतो म्हणालो होतो. खरं म्हणजे इथून निघून चौकापर्यंत गेलो तोवर सांगायचंच ठरवलं होतं. पण काय सांगू? ज्याला अख्खं खातं कान म्हणतं, त्यानं जाऊन सांगायचं की कान गेला? मला दुसरं काय येतं? मग मी उजव्यानं ऐकायला लागलो. एकोणतीस वर्षं डावा वाटीला लावला होता, उजवा नवशिका, पण चाललं होतं. गळत्या सापडत होत्या. मागच्या वर्षी अठ्ठावीस सापडल्या, साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. मनात म्हटलं, बघा, निम्म्या कानावर अठ्ठावीस.

नाही, असं नका समजू की तिथं मला ऐकू आलं नाही म्हणून रेघ मारली. तसं असतं तर — तसं असतं तर मी आज इथं आलोही नसतो कदाचित. नाही आलं ऐकू, म्हातारा झालो, संपलं. त्यात पाप नाही. ताई, आलं होतं ऐकू. आता तोंडातून गेलंच आहे तर ऐका. काठी टेकवली आणि आवाज आला, बारीक, लांबचा, सूं करून. पण वर्षभरात माझा उजवा कान स्वतःच वाजायला लागलाय. जेवताना, झोपताना, सारखी एक बारीक शिट्टी. तर ऐकताना मी ती शिट्टी वजा करायचो, आतल्या आत. हा माझ्या कानाचा आवाज, तो सोडा, आता पाइपचा काय येतोय ते बघा. सवय झाली होती. त्या दिवशीही वजा केला. वजा केल्यावर काही उरलं नाही, म्हणून रेघ मारली.

खात्री कशी करायची, ते काय मला माहीत नव्हतं? काठी उचलायची. हातभर वर. काठी उचलल्यावर आवाज थांबला तर तो पाइपचा, चालू राहिला तर माझा. एवढंच. एका श्वासाचं काम. एकटा असलो की नेहमी उचलून बघायचो. पण त्या दिवशी साडू शेजारी उभा होता, हातात चहाचे दोन पेले, एक माझा, एक त्याचा. तो एकोणीस वर्षं मला बघतोय, कान कधी काठी उचलत नाही हे त्याला ठाऊक. उचलली असती तर विचारलं असतं, का उचलली? मग काय सांगणार होतो? म्हणून नाही उचलली. खिशातून खडू काढला आणि मारली रेघ. तो म्हणाला, शांत आहे ना? मी म्हणालो, मेल्यासारखं शांत. हेच शब्द. चहा संपवला आम्ही तिथं उभ्यानं आणि तो फळ्यावाल्यांना सांगायला गेला की इथं चारच बस झाल्या.

घरात, खात्यात, कोणाला म्हणजे कोणाला कळू दिलं नव्हतं मी. बायकोलासुद्धा नाही. ती म्हणते, तुमचं लक्षच नसतं, आणि मी म्हणतो, हो, नसतं. इतकं बेमालूम. तर परवा मेव्हणी आली घरी. दिवसकार्य झाल्यापासून पहिल्यांदाच. मी खिडकीशी बसलेलो. ती आली, डावीकडे खुर्ची होती तिथं बसली, आणि लगेच उठली. उठली, खुर्ची उचलली आणि माझ्या उजव्या बाजूला आणून ठेवली. मग बसली. आणि अगदी हळू म्हणाली, भाऊजी, त्यांचीच चूक होती का हो? — मी काय बोललो ते विचारू नका. मी म्हणालो, चौकशी चालू आहे.

पण खुर्ची, ताई. ती का उचलली तिनं? हे परवापासून माझ्या डोक्यात फिरतंय. तिला कोणी सांगितलं? मी नाही. तिला एकच माणूस सांगू शकतो. आणि मग मला आठवायला लागलं — आम्ही रोज पहाटे बरोबर निघायचो, आणि गेली दोन वर्षं तो माझ्या उजवीकडून चालायचा. आधी डावीकडून चालायचा, काठी मी उजव्या खांद्यावर टाकायचो म्हणून. मग कधीतरी त्यानं बाजू बदलली. काठी त्याच्या कपाळाला लागायची, तरी उजवीकडूनच. मी वैतागायचो त्याच्यावर, म्हणायचो, रस्ता एवढा मोकळा आहे, माझ्याच खांद्याखाली काय शिरतोस? तो हसायचा नुसता. त्याला माहीत होतं. माझ्यापासून लपवून ठेवलं होतं त्यानं, की त्याला माहीत आहे. मी ज्याच्यापासून लपवायला काठी उचलली नाही, त्याला ते आधीपासून माहीत होतं. आणि तरी मी शांत म्हणालो म्हणून उतरला. चार फळ्यांवर उतरला, टेप घेऊन.

— असू दे. पाणी नको. बरा आहे मी.

हेच ना ते कार्ड? तुमचं अक्षर चांगलं आहे. डावा, नाही. उजवा, कमी. धंदा, पाइप ऐकणे. हे मीच सांगितलं होतं तुम्हाला, मोठ्या तोऱ्यात. नाही, फाडत नाही मी. परत घ्या ते. खोक्यात नका टाकू, बाहेर ठेवा, टेबलावर, तारीख दिसेल असं. आणि मला एक नवीन करून द्या, आजच्या तारखेचं. दोन्ही घेऊन जाईन सोमवारी. काठी पण घेऊन जाईन, ती खात्याची आहे, परत करायला हवी. मेव्हणीकडे आधी जाऊ की खात्यात, ते अजून कळत नाही. आधी तिच्याकडेच जायला हवं. खुर्ची कुठे ठेवायची ते तिला ठाऊक आहे.

चढवा ते कानावर. आधी डावा घ्या. थांबा, मीच फिरून बसतो — इकडे काच आहे. हां, आता भिंत. बटण आहे हातात. सुरू करताना खांद्याला हात लावू नका, काही खूण करू नका. बाकी काही बोलायचं नाही मला. करा सुरू.

— केलंत का?

— ताई, सुरू केलंत का?