तलावात गेलेली शिडाची नाव

अगं बायांनो, हसू नका, पण त्या दिवशी मला वाटलं, आमचे हे गेलेच. आमच्या ह्यांनी एक जुनी शिडाची नाव आणली. उन्हाळाभर अंगणात ठेवून फटींत कापूस-डांबर भरलं. जुन्या ताडपत्रीचं शीड मी शिवून दिलं. एका सकाळी नाव घेऊन हे तलावावर गेले, आणि ह्यांना पोहता येत नाही!

दुपारी मी बघायला गेले, तर पाण्यावर नुसती डोलकाठी आणि काठावर ह्यांच्या चपला. मी किंचाळले. जाळं टाकणाऱ्या सोमाभाऊंनी धाडकन उडी मारली, नावेत हात घालून चाचपू लागले. तेवढ्यात मागच्या मोहाच्या झाडाखालून ह्यांचा झोपाळू आवाज आला, "सोमा, हालवू नोको तिले! फुगून राहिली ते!"

उन्हाने फळ्या आकसल्या, की नाव मुद्दाम काही दिवस पाण्यात बुडवून ठेवतात म्हणे. लाकूड फुगतं आणि फटी बुजतात. हे मला कोण सांगणार?

मी चिखलात बसून रडतच होते. हे जवळ आले. "आता काऊन रडून राहिली? नाव काही आपोआप बुडाली नाही, मीनंच बुडवली."

मी म्हटलं, "नावेसाठी कोण रडून राहिलं जी?"